पोर्टलमधून खेळाडू निवडण्याआधी आपली दोनशे मिनिटं मांडा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही नाशिकहून संख्याशास्त्रात एमएस करायला अमेरिकेत आलात, विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघात स्टुडंट मॅनेजर म्हणून लागलात, आणि असिस्टंट कोचनी सांगितलं की हंगाम संपला की ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) उघडेल, तोवर निवडीची काहीतरी पद्धत बसवून ठेव. तुम्ही मागच्या वर्षीची नावं घेऊन सराव केला. सरासरी गुण, उंची, शूटिंगची टक्केवारी यांना भार दिला आणि वरचे चाळीस जण काढले. कोचनी दोन मिनिटं पाहिलं आणि कागद बाजूला ठेवला. आता तुम्ही विचारता आहात की कुठल्या आकड्याला जास्त भार द्यायला हवा होता.

भार कितीही बदलले असते तरी त्या कागदाचं तेच झालं असतं. त्यात पोर्टलमधली चाळीस मुलं होती, पण तुमचा स्वतःचा संघ कुठेच नव्हता.

मी बारा वर्षं या कामात आहे. तुमच्यासारखाच स्टुडंट मॅनेजर म्हणून सुरुवात केली, मग सामन्यांच्या फिल्म कापण्याचं काम केलं, आता रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) आणि रिक्रूटिंग (नव्यांची भरती) पाहतो. हे सगळं मध्यम ताकदीच्या डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरातल्या, कॉलेजांमध्ये. त्यामुळे माझं म्हणणं त्याच चष्म्यातून वाचा. मोठ्या कॉन्फरन्समधल्या (एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातल्या) श्रीमंत कॉलेजांचे प्रश्न थोडे वेगळे असतात. शिवाय तुमचा हेड कोच नवा आहे की जुना, तुमच्याकडे पैसा किती, तुमच्या विद्यापीठात बाहेरचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) किती मान्य होतात, यावर उत्तर बरंच बदलतं.

ज्यांना पोर्टल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पूर्वी कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूला दुसऱ्या कोचशी बोलायला आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि बास्केटबॉलमध्ये वर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. १५ ऑक्टोबर २०१८ ला कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएनं पोर्टल सुरू केलं आणि परवानगीची अट गेली. खेळाडूनं सांगितलं की कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव त्यात घालायचं. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाचा आदेश आला, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदलायची वाट मोकळी झाली. आता ३६० हून अधिक पुरुष संघांमधून दर वसंतात दोन हजारांवर नावं पोर्टलमध्ये येतात. नाव टाकण्याची मुदत मात्र आखडत गेली: २०२३ मध्ये ६० दिवस, २०२४ मध्ये ४५, २०२५ मध्ये ३०. ही मुदत नाव टाकण्यापुरती असते, नवीन कॉलेज नंतरही ठरवता येतं. पण चांगली मुलं पहिल्या दहा-बारा दिवसांतच ठरतात, म्हणून तयारी आधीच हवी, हे तुमच्या कोचचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

आता मूळ मुद्दा. सामना ४० मिनिटांचा आणि कोर्टवर पाच जण, म्हणजे दर सामन्याला वाटायला २०० मिनिटं. मी दर फेब्रुवारीत एका कोऱ्या कागदावर हीच २०० मिनिटं मांडतो. पुढच्या वर्षी कोण परत येणार, त्यातली किती मिनिटं त्याच्या नावावर, कोणाचं शिक्षण संपलं, आणि कोण जाण्याची शक्यता आहे. हा शेवटचा रकाना भरताना जीव खालीवर होतो, पण तोच सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्यासारख्या कॉलेजांकडून मोठी कॉलेजं उत्तम खेळाडू उचलतात. ज्या मुलाला दोन वर्षं घडवलं तो तिसऱ्या वर्षी जाणार असेल, तर त्याची ३३ मिनिटं भरायची आहेत हे एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही. म्हणून पोर्टलचं माझं पहिलं काम पोर्टल उघडण्यापूर्वीच होतं: आपल्या प्रत्येक मुलाशी हेड कोचनी समोर बसून बोलणं, पुढच्या वर्षी तुझी भूमिका काय हे स्पष्ट सांगणं, आणि त्याच्या घरच्यांशीही बोलणं. बाहेरून कोणी आणण्यापेक्षा आपला मुलगा राखणं जवळजवळ नेहमीच चांगलं. त्याला आपली पद्धत येते, आपल्याला त्याचा स्वभाव माहीत असतो.

मिनिटांनंतर चेंडूचा हिशेब. मिनिटं दोनशे असली तरी चेंडू एकच असतो. तुम्ही संख्याशास्त्राचे, म्हणून हे तुम्हाला पटकन दिसेल. युसेज रेट म्हणजे खेळाडू कोर्टवर असताना संघाची किती टक्के पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या खेपा) त्याच्या हातून संपतात, शॉटनं, फ्री थ्रोनं किंवा टर्नओव्हरनं (चेंडू गमावून). कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज शंभर, सरासरी वीस. तुमच्या यादीतले वरचे तीन जण घ्या. अठरा-वीस गुण करणाऱ्यांचा युसेज २८ च्या आसपास असतोच. तिघांचे झाले ८४, उरलेल्या दोघांना मिळून १६. असा संघ कागदावर दिसतो, कोर्टवर तयार होत नाही. तिघांपैकी दोघांना आपला खेळ कापावा लागतो, आणि कापायची तयारी आहे का हे कोणी विचारलेलं नसतं.

ही चूक मी केली आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही छोट्या कॉन्फरन्समधला एक गार्ड (रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणारा) आणला. अठरा गुण, युसेज ३० च्या वर. आकडे पाहून मीच आग्रह धरला होता. आमच्याकडे आधीच दुसऱ्या वर्षाचा एक गार्ड होता, चेंडू हातात असला तरच खुलणारा. नोव्हेंबरमध्ये दोघंही एकमेकांना पास देत होते, जानेवारीत देईनासे झाले. नव्याचे गुण अकरावर आले, जुन्याची मिनिटं ३१ वरून २२ वर. मार्चमध्ये दोघांची नावं पोर्टलमध्ये. जुना मुलगा निघताना मला भेटायला आला आणि एवढंच म्हणाला की मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या दोघांत वाईट कोणी नव्हता. जागा एक होती आणि ती आम्ही दोघांना देऊ केली होती.

तेव्हापासून मी खेळाडू शोधायच्या आधी जागेचं वर्णन लिहितो. "पॉइंट गार्ड हवा" एवढं पुरत नाही. "चेंडू हातात नसताना कोपऱ्यात उभा राहून शॉट मारणारा, समोरच्या संघाचा सर्वांत वेगवान गार्ड अडवणारा, २४ मिनिटं, युसेज १६ ते १८" असं लिहायचं. मग दोन हजारांतली पन्नास-साठच नावं उरतात आणि काम माणसाच्या आवाक्यात येतं.

परड्यू विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०२३ च्या एनसीएए स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून पहिल्याच फेरीत हरला. इतिहासात असं दुसऱ्यांदाच घडलं होतं. कोणीही घाबरून संघ मोडला असता. कोच मॅट पेंटर यांनी मुलं राखली आणि पोर्टलमधून एकच गार्ड महत्त्वाच्या भूमिकेत आणला, सदर्न इलिनॉयचा लान्स जोन्स. आधीचे गार्ड ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर यांच्या जोडीला चपळाई आणि बाहेरचा बचाव हवा होता, तो त्यानं दिला. पुढच्याच वर्षी परड्यू अंतिम सामन्यात पोचलं. भोक कुठे आहे हे नेमकं ठाऊक असलं की एक ठिगळही पुरतं.

दुसऱ्या टोकाला केंटकी, २०२४. कोच जॉन कॅलिपारी आर्कान्सासला गेले, त्यांच्या जागी मार्क पोप आले, आणि जवळजवळ अख्खा संघ नव्यानं उभा करावा लागला. तरी तो पुढच्या मार्चमध्ये शेवटच्या सोळांत पोचला. म्हणजे हेही जमतं. पण तिथलं नाव, प्रेक्षक आणि पैसा तुमच्या-माझ्याकडे नाही. नवा कोच आला म्हणून आपणही सगळं पोर्टलमधून उभारू, असं मध्यम कॉलेजांनी ठरवलेलं मी पाहिलं आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे दहा मुलं एकमेकांची नावं पाठ करत असतात.

मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते फ्लोरिडा. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ह्यूस्टनला ६५-६३ हरवलं, तेव्हा पहिल्या पाचातले चार जण दुसऱ्या कॉलेजातून आलेले होते. पण ते एका उन्हाळ्यात आले नव्हते. विल रिचर्ड बेलमाँटहून २०२२ मध्ये, वॉल्टर क्लेटन आयोनाहून २०२३ मध्ये, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि रुबेन चिनयेलू वॉशिंग्टन स्टेटहून २०२४ मध्ये. कोच टॉड गोल्डन यांनी आणलेली मुलं टिकवली आणि दरवर्षी वर एक थर चढवला. यातला चिनयेलू नीट पाहा. वॉशिंग्टन स्टेटला तो पहिल्या वर्षाचा, पाचेक गुण करणारा बिग (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) होता. तुमच्या यादीत हे नाव कधीच वर आलं नसतं. फ्लोरिडाला रिंगखाली अडवणारा आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू) घेणारा हवा होता, चेंडू मागणारा नको होता.

तर आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: आधी आपली मिनिटं, मग आपल्या चेंडूचा हिशेब, मग जागेचं वर्णन, आणि त्यानंतरच पोर्टलमधली नावं. आता येतो तुमच्या आवडीचा भाग, आकडे.

कुठला आकडा नव्या कॉलेजात सोबत येतो आणि कुठला जुन्या कॉलेजातच राहतो, हे मी आधी पाहतो. माझ्या अनुभवात शूटिंग बऱ्यापैकी सोबत येतं, पास देण्याची नजर येते, रिबाउंडची भूक येते. रिंगपाशी जाऊन गुण करणं तितकं येत नाही, कारण छोट्या कॉन्फरन्समध्ये आडवा येणारा सहा फूट आठ इंचांचा असतो आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये त्याच जागी सात फुटी उभा असतो. बचावाचे आकडे तर संघाच्या पद्धतीत इतके मिसळलेले असतात की त्यांच्यावरून मी काहीच ठरवत नाही, फिल्म पाहतो.

तुम्ही डाल्टन कनेक्टचं नाव घ्याल, बरोबरच आहे. नॉर्दर्न कोलोरॅडोत वीसेक गुण करणारा हा मुलगा २०२३ मध्ये टेनेसीला आला, त्याहून कठीण लीगमध्ये २१.७ गुण केले आणि एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याचे गुण कसे यायचे ते पाहा. उंची सहा फूट सहा इंच, धावत येऊन स्क्रीनमागून (अडसर म्हणून उभ्या सहकाऱ्याच्या आडून) शॉट, लांबून शॉट. समोरचा कोण आहे यावर ते फारसे अवलंबून नव्हते. आणि टेनेसीकडे बचाव आधीच भक्कम होता, गुण करणाराच कमी होता. तिथेही आधी जागा होती.

शूटिंगची टक्केवारी घेताना तुम्ही नमुन्याचा आकार पाहिला नाहीत, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. ४५ प्रयत्नांत १८ शॉट म्हणजे ४० टक्के. त्यातले तीन शॉट रिंगवरून बाहेर पडले असते तर ३३ टक्के. ४५ प्रयत्नांवर स्टँडर्ड एरर (नमुना छोटा असल्यानं होऊ शकणारी चूक) टक्केवारीच्या सात अंकांपुढे जाते, २०० प्रयत्नांवर साडेतीनच्या आत येते. मला ४५ प्रयत्नांतल्या ४० पेक्षा २०० प्रयत्नांतले ३७ केव्हाही चालतील. प्रयत्न कमी असतील तर फ्री थ्रोची टक्केवारी सोबत ठेवा, हात कसा आहे ते ती बऱ्यापैकी सांगते. मोठ्या नमुन्यावरही थोडी घसरण धरून चला. डेटनला तीन गुणांच्या शॉटमध्ये जवळपास ५० टक्क्यांवर असलेला कोबी ब्रेया केंटकीला ४३ च्या आसपास आला. तो तिथेही उत्तम नेमबाज होता, पण पन्नास गृहीत धरून कोणी आखणी केली असती तर हिशेब चुकला असता.

केनपॉम आणि बार्ट टॉर्विक यांच्या आकडेवारीच्या साइट तुम्ही वापरताच. टॉर्विकमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या दर्जानुसार गाळणी लावता येते. पहिल्या शंभरातल्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढा. पाच-सहाच निघतील, आकड्यांना तेवढे पुरणार नाहीत, पण नेमके तेच सामने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहा. हायलाइट पाहू नका. शॉट चुकल्यावर तो परत धावतो का, दुसऱ्यानं शॉट मारताना काय करतो, कोचनी बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो, टाइमआउटमध्ये कोणाकडे पाहतो. हे मी वहीत वेळेसकट लिहितो. हेड कोचना "मिनिट ११:४० पाहा" असं सांगता आलं की आपला शब्द चालतो.

यानंतर जो प्रश्न मी कधी सोडत नाही, तो म्हणजे तो का निघतोय. कारणं बहुतेक वेळा साधी आणि रास्त असतात. कोच गेला, मिनिटं मिळत नाहीत, आई आजारी म्हणून घराजवळ यायचंय, जास्त पैसे मिळतायत. मला कुठलंच कारण कमी दर्जाचं वाटत नाही. मला फक्त खरं कारण हवं असतं, कारण तेच आपल्याकडे उद्भवणार असेल तर तो वर्षात परत निघेल. म्हणून मुलाला विचारतो, त्याच्या हायस्कूलच्या कोचला विचारतो, आणि त्याच्याविरुद्ध खेळलेल्या कोचलाही विचारतो. तिघांचं एकच आलं तर बरं. तिघांचं तीन आलं तर आणखी एक फोन.

इथे तुम्हाला एक कळकळीची सूचना. नाव पोर्टलमध्ये येण्याआधी खेळाडूशी, त्याच्या घरच्यांशी किंवा मध्यस्थाशी संपर्क करणं नियमाबाहेर आहे. नाव आल्यावरही काही जण "संपर्क करू नका" अशी खूण लावतात. तुम्ही स्टुडंट मॅनेजर आहात, तेव्हा कम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसला विचारल्याशिवाय कोणालाही इन्स्टाग्रामवर साधा शुभेच्छांचा मेसेजही टाकू नका. तुमच्या एका मेसेजनं संघ अडचणीत येऊ शकतो.

अभ्यासाची बाजू विद्यार्थी मॅनेजर सहसा पाहत नाहीत आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. तीन वर्षं झालेल्या खेळाडूला चौथ्या वर्षी खेळायचं तर निवडलेल्या पदवीचा ६० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. १२० क्रेडिटच्या पदवीत ७२. आमच्याकडे एक विंग (कोर्टच्या कडेनं खेळणारा) आला, हातात ८४ क्रेडिट. सगळे निर्धास्त. आमच्या विद्यापीठानं त्याच्या नव्या पदवीसाठी ६६ च धरले. सहा कमी. उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय घेऊन तो ऑगस्टमध्ये पात्र झाला, पण ते जमलं कारण हे मे महिन्यात कळलं. म्हणून ट्रान्सक्रिप्ट पहिल्याच आठवड्यात मागवून रजिस्ट्रारकडे द्यायची.

मुलगा परदेशी असेल तर तुमचा स्वतःचा अनुभव कामाला येईल. आय-२० आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्याचं व्हिसासाठीचं कागदपत्र आणि त्याची सरकारी नोंद) म्हणजे काय हे आमच्या अर्ध्या स्टाफला समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. जुन्या कॉलेजकडून नोंद कोणत्या तारखेला सुटणार, त्या मधल्या काळात तो घरी जाणार आहे का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून ठेवा. एफ-१ व्हिसावरच्या मुलानं अमेरिकेत जाहिरातीचं काम करून पैसे घेणं धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे त्याला पैशांचं कुठलंही आश्वासन वकिलाच्या सल्ल्याशिवाय जाता कामा नये.

पैशांबद्दल थोडंच लिहितो. ६ जून २०२५ ला खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. ज्यांनी ही व्यवस्था स्वीकारली त्यांना पुरुष बास्केटबॉलमध्ये १५ जणांचं रोस्टर ठेवता येतं. आपल्यासारखे संघ त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. खेळाडूला दुसरीकडून किती देऊ केलं याबद्दल जे आकडे कानावर येतात त्यांवर मी हिशेब बांधत नाही. आपल्या पैशांतला मोठा वाटा एका नव्या मुलावर घातला तर दोन वर्षं इमानानं खेळणाऱ्या मुलाला ते कळतंच, आणि मग त्याची ३० मिनिटं भरायची पाळी येते. म्हणून पैशांचा रकाना मी त्याच दोनशे मिनिटांच्या कागदावर ठेवतो, वेगळा नाही.

तुम्ही आता असं करा. पुढच्या आठवड्यात कोचकडे यादी नेऊ नका. आपल्या संघाच्या २०० मिनिटांचा कागद न्या आणि विचारा, की माझ्या अंदाजात कुठे चूक आहे. ते पेन काढून खोडायला लागतील. त्यांनी खोडलेल्या जागा म्हणजेच तुमचा खरा शोध.

आणि तक्ता आखायला घ्याल तेव्हाच त्यात आणखी एक रकाना ठेवा. नाव पोर्टलमध्ये गेलं की जुनं कॉलेज त्या सत्रानंतरची स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, आणि कित्येक मुलांना दुसरीकडे जागा मिळत नाही. मे महिन्यात ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं फोन हातात धरून बसलेली असतात. आपण ज्यांच्याशी बोललो आणि ज्यांना घेतलं नाही, त्या प्रत्येकाला कोचनी स्वतः फोन करून नाही म्हणायला हवं, म्हणजे तो दुसरं दार वेळेत ठोठावू शकतो. माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना "कळवलं" असा आहे, आणि त्यात तारीख पडल्याशिवाय मी ती ओळ पुसत नाही.